नाव जागेवर आहे

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या घरफोडीत कोणता पंच फितूर झाला, असं कोणी विचारलं तर मी डोकं खाजवत बसेन. बुलढाण्याच्या सायबर कक्षातलं हे प्रकरण मात्र अजून बारकाव्यांसकट आठवतं, आणि आठवलं की बरं वाटतं. पोलिसाच्या आठवणींत बरं वाटावं अशी प्रकरणं फार नसतात, म्हणून ते लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच देणार नाही. ती माणसं याच जिल्ह्यात नांदताहेत.

माझी हयात गेली गुरं चोरणारे, बांधावरून डोकी फोडणारे आणि बाजारात खिसे कापणारे यांच्यामागे. निवृत्ती जवळ आली तेव्हा मला सायबर कक्षात बसवलं. कारण एवढंच, की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि मी निरीक्षक होतो. संगणकाचं मला ज्ञान म्हणाल तर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला असतं तेवढं. हाताखाली संगणकाची पदविका घेतलेला एक पोलीस नाईक होता. तो बोलायचा आणि दर दुसऱ्या वाक्याला मी त्याला थांबवायचो. त्याने कधी कंटाळा केला नाही, हे त्याचे उपकार.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून बसतो न बसतो तोच एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. मूळचे मेहकरचे, बुलढाण्यात त्यांची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी. खरेदी केंद्रावर सोयाबीन आणि कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला मोबाईलवर टोकन मिळावं, गाड्यांची रांग लागू नये, असा प्रोग्राम त्यांनी तयार केला होता. हंगाम तोंडावर आला होता, आणि त्या प्रोग्रामचा सगळा कोड एका दुपारी कोणीतरी उतरवून घेतला होता. मालक बोलताना हातातली पाण्याची बाटली सारखी उघडत होते आणि न पिता बंद करत होते.

नाईकाने मला समजावून सांगितलं ते असं. कोड ठेवण्याच्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. तिथे कोणाला नुसतं वाचता येईल, कोणाला बदल करता येईल, हे ठरवून दिलेलं असतं. आमच्या मुद्देमालाच्या खोलीसारखंच, किल्ली कोणाकडे हे ठाऊक हवं. लोक नोकरी सोडून जातात आणि त्यांचा प्रवेश तसाच उघडा राहतो, म्हणून या कंपनीतल्या एका मुलीने एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. ती रोज संध्याकाळी सगळे प्रवेश तपासायची, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश बंद करायची आणि तसं कळवायची. काम चोख होतं. मालकांनी त्याबद्दल तिचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

कोड उतरवला गेला तो एका जुन्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरून. हा मुलगा कंपनीत अगदी सुरुवातीपासून होता, टोकनचा अर्धाअधिक प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. आदल्या वर्षी राजूरच्या घाटात मोटारसायकलला अपघात होऊन तो गेला. त्याचा प्रवेश स्क्रिप्टने कधीच बंद करायला हवा होता. मालकांनी दुसऱ्या माणसाकडून स्क्रिप्ट उघडून पाहिली, तर तिच्यात त्या मुलाचं नाव मुद्दाम वगळलेलं. सगळ्यांना तपास, याला सोड.

"साहेब, मेलेल्या माणसाचं खातं तिने स्वतःसाठी जिवंत ठेवलं," मालक म्हणाले. "त्याला कोण विचारणार होतं?"

त्यात भर म्हणजे त्या मुलीने नुकताच राजीनामा दिला होता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत तिची निवड झाली होती. जाताना घबाड घेऊन चालली, असं मालकांचं सरळ गणित होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच झालं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला असता, तर पुण्याची नोकरी हातची गेली असती. असल्या कंपन्या पोलीस पडताळणी मागतात, आणि त्या कागदावर एकदा नाव आलं की निर्दोष सुटेपर्यंत माणसाची उमेदीची वर्षं निघून जातात. हे ठाऊक होतं म्हणून मी त्या दिवशी गुन्हा दाखल केला नाही. आधी प्राथमिक चौकशी करतो, म्हटलं. मालक नाराज होऊन गेले.

सेवा पुरवठादार कंपनीला आम्ही पत्र पाठवलं, की ते खातं कुठल्या जोडणीवरून वापरलं गेलं ते कळवा. अशा पत्रांचं उत्तर निवांत येतं. त्याआधीच कक्षाचा फोन वाजला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता. मोताळ्याच्या बसस्टँडजवळ अमुक एक मोबाईलचं दुकान आहे, तिथे कंपन्यांचा माल चोरून पेनड्राइव्हवर भरून देतात, असं त्याचं म्हणणं.

"बुलढाण्याची एक पोरगी बी येऊन राह्यली तिथं," तो म्हणाला. "शिकलेली दिसते. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

अशा खबरीचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. खबर देणाऱ्याच्या पोटात काय दुखतं, ते आधी शोधावं लागतं. या गृहस्थाचं त्याच दुकानासमोर तसंच दुकान होतं, हे मला पुढे कळलं. पण अशी खबर अर्धी खरीही असते, तीच मोठी पंचाईत. मुलगी राहणारी वडनेर भोलजीची. बुलढाण्याहून गावी जाताना ती मोताळ्यावरूनच जायची. कोड उतरवला गेला त्या दिवशी तिने रजा घेतली होती. आमच्या धंद्यात इतकं जुळून आलं की माणूस हवेत तरंगायला लागतो.

मी तिला नोटीस काढून बोलावलं. सोबत तिचे वडील आले. भाजीपाला पिकवणारा माणूस, बोटांना चिरा पडलेल्या, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि महिला पोलीस शिपायाला शेजारी बसवून मुलीची चौकशी सुरू केली. महिलेला दिवस मावळायच्या आत घरी पाठवायचं, हे मी पहिल्यापासून पाळत आलो. त्यामुळे वेळ बेताचा होता.

पहिल्या प्रश्नांची उत्तरं तिने नीट दिली. स्क्रिप्ट मी लिहिली, हो. ते नाव मीच वगळलं, हो. कोड मी उतरवलेला नाही. मग नाव का वगळलं, असं विचारलं तेव्हा ती टेबलाकडे पाहत म्हणाली, "चुकून राहिलं, सर. काढायचं विसरले."

आता, नाव काढायचं राहिलं असतं तर विसरली हे पटलं असतं. इथे नाव वाचवण्यासाठी वेगळी ओळ लिहिली होती. विसरून कोणी ओळ लिहीत नाही. मी तेच तिला दरडावून विचारलं. ती पुन्हा विसरले म्हणाली. मोताळ्याच्या दुकानाचं नाव काढलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिथे गेली होती का? गेले होते. कशाला? फोनच्या चार्जिंगच्या कामाला. कोणाच्या फोनच्या? त्यावर पुन्हा तेच, नाव काढायचं विसरले, सर.

माझ्या अनुभवात, स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. गोष्ट रचतो, तिला शेपूट लावतो, विचारलं नाही तेही सांगतो. दुसऱ्याला वाचवणारा मात्र एकच वाक्य धरून बसतो. ही पोर एकच वाक्य धरून बसली होती. ते जाणवलं तरी मी लगेच पाघळलो नाही, कारण दुसरा म्हणजे तिचा साथीदारही असू शकत होता.

मी पाय मोकळे करायला बाहेर आलो. बाकावरून तिचे वडील उठून उभे राहिले.

"साहेब, माही पोरगी खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "लहानपणापासून नाही."

आत ती गेला तासभर खोटंच बोलत होती. बापाला काय सांगणार? बसा, पाणी घ्या, एवढं म्हणून मी नाईकाच्या टेबलाकडे गेलो.

नाईकाला म्हटलं, ती स्क्रिप्ट मला पडद्यावर दाखव आणि एकेक ओळ काय करते ते सांग. तो सांगत गेला. ही ओळ नावं गोळा करते, ही जुळवून पाहते, ही प्रवेश काढून टाकते. मला सगळी सारखीच इंग्रजी अक्षरं दिसत होती. त्या मुलाच्या नावाची जागा आली तेव्हा नाईक जरा थांबला. त्याला सोडून दिलं आहे हे खरं, पण त्याचा अधिकारही कमी केला आहे, म्हणाला. आधी त्याला कोड बदलता येत होता. हिने तो फक्त वाचण्यापुरता ठेवला. मला ते विचित्र वाटलं. ज्याला मागच्या दारानं घुसायचं आहे, तो आपल्याच हाताने दार बारीक कशाला करेल?

पडदा खाली सरकला आणि त्या सगळ्या इंग्रजीत मला एक ओळ मराठीत दिसली. मी नाईकाचा हात धरला.

ओळ होती, "आजची तपासणी झाली. नाव जागेवर आहे."

हे काय, म्हणून विचारलं. नाईक म्हणाला, रोज तपासणी झाली की सगळ्यांना ईमेल जातो. बाकीच्यांना इंग्रजीत, याला हा एवढा मराठीत. मी म्हटलं, अरे, पण हा माणूस तर वारला आहे, आणि होता तेव्हा त्याला इंग्रजी येत होतं. मग रोज संध्याकाळी हे मराठी कोण वाचतो? नाईकाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा संगणकातलं काहीतरी मला त्याच्या आधी समजलं होतं.

मी आत गेलो आणि खुर्चीवर बसायच्या आधी ती ओळ तिला म्हणून दाखवली. कोण वाचतं हे, असं साध्या आवाजात विचारलं. ती रडायला लागली. महिला शिपायाने तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, मी सांगते. पण त्यांचा फोन जप्त करू नका."

त्या मुलाचे वडील मोताळ्याला राहत होते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ती त्यांना काका म्हणायची. मुलगा गेल्यावर त्याचा फोन त्यांनी स्वतःजवळ ठेवला होता. त्यात त्याचे फोटो, त्याचा आवाज. रोज संध्याकाळी त्या फोनवर स्क्रिप्टचा ईमेल यायचा. काकांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण मुलाचं नाव वाचता येत होतं, आणि त्याच्या कचेरीत त्याचं नाव अजून आहे एवढं त्यांना कळत होतं. सुरुवातीला स्क्रिप्ट नुसती तपासून कळवायची; मुलीने प्रवेश बंद करण्याचा नियम तिच्यात घातला तेव्हा त्याचा प्रवेश आपोआप बंद झाला आणि ईमेल थांबला. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला फोन केला, आज पोराचं आलं नाही म्हणून. तिने त्याचं नाव परत घातलं, हात लागून काही बिघडू नये म्हणून वाचण्यापुरतंच ठेवलं, आणि काकांना समजावं म्हणून मराठी ओळ लिहिली. एकदा चार्जिंग बिघडलं तेव्हा त्यांना घेऊन दुकानातही गेली होती. कोड कोणी उतरवला हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिला अंदाज आला होता. पोलीस फोन नेतील आणि खटला संपेपर्यंत तो मुद्देमालात पडून राहील, या भीतीने ती तोंड मिटून बसली होती. भीती चुकीची नव्हती. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत फोन कसे पडून राहतात, ते मी पाहिलं आहे.

मी तिला वडिलांसोबत घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी आणि नाईक मोताळ्याला गेलो, साध्या कपड्यात. दुकानदाराला ओळखपत्र दाखवताच त्याने विचारायच्या आधी सगळं सांगून टाकलं. एक म्हातारे बाबा फोन घेऊन आले होते. बॅटरी फुगली होती. हा फोन कधीही बंद पडेल, आतलं काय हवं ते काढून घ्या, असं यानेच त्यांना सांगितलं होतं. मग यानेच फोटो, आवाज आणि, फोनमध्ये मुलाचं कचेरीचं खातं उघडंच होतं, बाबा म्हणाले म्हणून त्यातलं कामही पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. ती मुलगी त्या दिवशी नव्हती, ती आधी कधीतरी आली होती. समोरच्या दुकानातून एक माणूस मान लांब करून आमच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहून हात जोडले. तो आत गेला.

काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. आत बुद्धमूर्तीशेजारी मुलाचा फोटो होता आणि फोटोसमोर काचेच्या बशीत तो पेनड्राइव्ह ठेवलेला. लपवायचं काही त्यांच्या मनातच नव्हतं. मी पोलीस आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली. काय केलं ते विचारलं, तर सरळ सांगितलं.

"फोटू काढले, त्याचा आवाज काढला. मंग म्या त्याले म्हटलं, पोराचं काम बी काढून दे. आयुष्यभर रात्रंदिवस त्याच्यातच डोकं घालून बसे. ते काऊन सोडू?"

ते काम कंपनीच्या मालकीचं होतं, परवानगीशिवाय उतरवणं कायद्याने चूक आहे, आणि त्यापायी एका मुलीवर चोरीचा आळ आला आहे, हे मी त्यांना सांगितलं. मुलीचं ऐकल्यावर ते उठून उभे राहिले. ती पुण्याला जाणार हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बशीतला पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, चला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, बुलढाण्याले, तिचं नाव साफ कराले.

कक्षात मालकांनाही बोलावलं होतं आणि मुलीलाही. मुलगा गेला तेव्हा मालक पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मोताळ्याला गेले होते, त्यानंतर तिकडे फिरकले नव्हते. काकांना दारात पाहून ते उठले आणि आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. नाईकाने सगळ्यांसमोर पेनड्राइव्ह उघडला. कोड उतरवून घेतल्यानंतर कोणीही उघडून पाहिलेला नव्हता. दुकानदाराच्या संगणकावरची प्रत आम्ही सकाळीच पुसून आलो होतो. पेनड्राइव्हवरचा कोड मालकांच्या देखत काढून टाकला, फोटो आणि आवाज तसेच ठेवले, आणि पेनड्राइव्ह काकांना परत दिला. मग मालकांनी चाचरत सांगितलं, की आता तो प्रवेशही बंद करावा लागेल. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. हंगामात हजारो लोकांची नावंगावं त्या प्रोग्रामवर येणार होती, आणि दार असं कायम किलकिलं ठेवून चालत नाही.

मुलगी संगणकासमोर बसली. तिने ती ओळ काढण्यासाठी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मग काकाच बोलले.

"म्या रिटायर झालो त्या दिवशी तिकिटाचं मशीन डेपोत जमा केलं. वर्षानुवर्षं गळ्यात होतं ते. ठेवून घेतलं असतं तं चोरच झालो असतो ना? याचं बी जमा करा, बाई. मले आधीच समजाले पाह्यजे होतं."

तिने विचारलं, शेवटचा ईमेल काय पाठवू. "लिही, ड्युटी सुटली," म्हणाले. तिने ते लिहिलं. कोणती कळ दाबायची असते, हे त्यांनी तिला विचारून घेतलं आणि स्वतःच्या बोटाने ती दाबली. त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून ते दोन शब्द वाचले, फोन छातीशी धरला आणि म्हणाले, "सुटला पोरगा. लय राबला होता." मालकांनी तोंड फिरवलं. मी रुमाल काढला. पोलिसाने रडू नये असा काही नियम पोलीस नियमावलीत मला तरी कधी सापडला नाही.

मालकांनी अर्ज मागे घेतला. मुलीची हात जोडून माफी मागितली आणि तिनेही ताणून धरलं नाही. मी सगळ्यांचे जबाब घेतले, चौकशी अहवालात "दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. तिच्या नावावर कुठेही नोंद नव्हती. ती वेळेवर पुण्याला रुजू झाली. त्या दिवशी बाहेर बाकावर तिचे वडील होतेच. काका त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दोघांची बसच्या वेळांवरून चर्चा सुरू झाली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की सगळं जुळून येतं तेव्हाच थोडं थांबावं. पुरावा खोटा नव्हता. खातं तेच, वगळलेलं नाव तेच, मोताळाही तोच. ज्याला चोरीची वाट म्हटलं, ती एका पोरीने एका बापासाठी ठेवलेली सवलत निघाली. यंत्राने तपासावं, कडक तपासावं, माझी हरकत नाही. पण यंत्राने एखाद्याला सोडलेलं दिसलं, तर कोणी सोडलं एवढंच विचारून थांबू नये, कोणासाठी सोडलं तेही विचारावं. मी गुन्हा आधीच दाखल केला असता तर हा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच नसता.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो गुणगुणत. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या पावलांवरून आमच्या मंडळींना दिवस कसा गेला ते कळायचं. ताट वाढता वाढता तिने विचारलं, "आज कोणाला सोडलंत?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "आज कोणाला धरलंच नव्हतं."